वर्षावास संपला, सायकली बाहेर काढा

आपल्या वस्तीत फिरायला जायचे म्हटले की पहिला प्रश्न असतो, गाडी कोणाची? दीक्षाभूमीला जायचे, चैत्यभूमीला जायचे, भीमा कोरेगावला मानवंदनेला जायचे, तर जीप किंवा टेम्पो ठरतो, माणशी वर्गणी निघते, मांडीला मांडी लावून बसावे लागते. हे जाणे आपल्या श्रद्धेचे आहे, ते चालूच राहील. पण त्याखेरीज आपण घराबाहेर कधी पडतो? लग्नाला, मयतीला, कामाला आणि दवाखान्याला. खर्ड्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर सौताड्याला विंचरणा नदी डोंगरावरून कोसळते. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबायांनी ती अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. का? तर गाडी परवडत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गाडी नको, सायकल काढा. वर्षावास संपला की खर्ड्याच्या आणि आसपासच्या बौद्ध वस्त्यांनी दोन दिवसांची सायकल सहल काढावी. जामखेडमार्गे विंचरणेच्या खोऱ्यातून सौताड्यापर्यंत जावे आणि परत यावे. आरोग्याच्या पानावर सहलीचे काय, असे कोणी विचारेल. आमच्या मते हा प्रश्न आरोग्याचाच आहे. त्यात साखर आणि रक्तदाब आहेच, पण मनात घर करून बसलेली भीतीही आहे.

वेळ हीच का?

तथागत बुद्ध पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरले. पावसाळ्याचे तीन महिने संघ एका जागी राहायचा आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की पुन्हा चारिकेला निघायचा. हे फिरणे लोकांच्या भल्यासाठी होते, आणि शरीर-मन जागे ठेवण्यासाठीही होते. आपण वर्षावासात विहारात ग्रंथवाचन ऐकतो, आठशील पाळतो. मग वर्षावास संपल्यावर चारिकेची आठवण का ठेवू नये?

दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. दसरा-दिवाळी झाली की आपली अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत. त्याआधीचे हे थोडे दिवस घर एकत्र असते. पाऊस ओसरलेला असतो, ऊन अजून सोसवते, ओढ्यांना पाणी असते, डोंगराला सीताफळे लागलेली असतात. उन्हाळ्यात या मुलखात सायकल चालवणे म्हणजे ऊन लागून आजारी पडणे. सहल काढायची तर ती आताच.

गेल्या वर्षीची फेरी

गेल्या वर्षी आम्ही अकरा जण निघालो. चार महिला, चार पुरुष आणि नववी-दहावीची तीन मुले. गिअरच्या सायकली दोनच, बाकी साध्या. एक दुधाच्या कॅन्ड लावायची, दोन उसन्या. पहाटे विहारात त्रिसरण-पंचशील घेतले आणि उजाडताना निघालो.

सुरुवातीलाच खर्ड्याचा किल्ला लागतो. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, एवढे शाळेत शिकवतात. त्या लढाईत लढलेल्या शिदनाक महाराची आठवण मात्र आपल्यालाच सांगावी लागते. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंशेजारी नको, अशी तक्रार झाली होती आणि रणांगणात मात्र त्यानेच पराक्रम गाजवला, असे सांगितले जाते. मुलांना हे किल्ल्यासमोर उभे राहून सांगितले. जीपमधून जाताना किल्ला खिडकीतून निघून जातो. सायकल थांबवता येते, हा तिचा पहिला गुण.

खर्डा ते जामखेड वीस-बावीस किलोमीटर. दोन ठिकाणी थांबत, भाकरी-ठेचा खात आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. उडीद निघून गेला होता, तूर उभी होती, ज्वारीची पेरणी चालू होती. एका रानातून बायांनी हाक मारली, “काय गं, कुठं निघाली वरात?” आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, “धबधबा बघाया!” त्या बाया हसल्या आणि एकीने विचारले, “पुढच्या वर्षी आम्हाला न्याल का?” हे आमंत्रण आम्ही विसरलेलो नाही.

दुपारी ऊन चढायच्या आत जामखेड गाठले, नातेवाइकांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे सौताड्याची वाट धरली. अंतर दहा-पंधरा किलोमीटरच आहे, पण बालाघाटाचा चढ आहे. जिथे दम लागला तिथे सगळे उतरलो आणि सायकली हाताने ढकलल्या. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वर पोचल्यावर दरी दिसली. विंचरणा तिथे दोनशे फुटांच्या आसपास खाली झेपावते. दहावीतली मुलगी कठड्यापासून लांब उभी राहून बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, “हे पाणी पुढं कुठं जातं?” तिला सांगितले, विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. आणि याच पाटोद्याच्या माळावर उगम पावणारी मांजरा मात्र उलट्या दिशेने गोदावरीला जाते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस एकीकडे कृष्णेत जातो, दुसरीकडे गोदावरीत. हा भूगोलाचा धडा तिने पुस्तकात वाचला असेल, पण त्या दिवशी तो पायांनी चढून शिकली.

सायकल आणि सन्मान

सायकल ही गरिबीची खूण आहे, असे आपल्या मनावर बिंबले आहे. हप्त्यावर मोटारसायकल आली की सायकल भिंतीला टेकते, तिची हवा जाते आणि एक दिवस ती भंगारात जाते. पण वाहन आणि रस्ता यांचा आपल्या सन्मानाशी काय संबंध आहे, हे आपला इतिहास सांगतो.

केरळात १८९३ साली अय्यनकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून निघाले. अस्पृश्याने त्या रस्त्यावरून गाडीत बसून जाणे त्या काळी सवर्णांना मान्य नव्हते. त्यांनी परवानगी मागितली नाही. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हाही प्रश्न फक्त तहानेचा नव्हता, सार्वजनिक जागा कोणाची, हा होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्तेही लिहिले आहेत. जातीच्या कारणावरून त्यांचा वापर कोणाला नाकारता येणार नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदाने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला आहे.

आणि सायकलीचे नाव तर थेट कायद्यात आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिसऱ्या कलमात तेव्हापासून असे लिहिले आहे की, अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. सायकल चालवण्यावरून माणसाला अडवले जात होते, म्हणून तर हा शब्द कायद्यात घालावा लागला. ज्या वाहनासाठी कायदा करावा लागला, त्याला कमीपणाचे कसे म्हणायचे?

मान्यवर कांशीराम यांनी १९८३ साली डीएस-४ च्या वतीने सायकल यात्रा काढली होती. सुमारे शंभर सायकलस्वार, जवळपास चाळीस दिवस, सात राज्ये. दोन पाय आणि दोन चाके एवढ्या भांडवलावर समाज जागा करता येतो, हे त्यांनी दाखवले. गाड्यांचे ताफे नसताना चळवळ उभी राहिली, हे आजच्या तरुणांना सांगायला हवे.

महिलांचे उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याचे घ्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण महिला सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, दलित होत्या. लोकांनी आधी टिंगल केली. पण बाईला बसची वाट बघावी लागेना, नवऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहावे लागेना, तेव्हा टिंगल आपोआप थांबली.

भीतीचे काय?

आता खरे बोलू. गेल्या वर्षी एका आईने आपल्या मुलाला आमच्याबरोबर पाठवले नाही. ती म्हणाली, “ताई, पोरगं वस्तीच्या बाहेर गेलं की परत दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.” तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. एप्रिल २०१४ मध्ये याच खर्ड्यात आपल्या समाजाच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला दिवसाढवळ्या मारहाण करून ठार मारले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावरचा आरोप. २०१७ साली जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या घरातल्या आईबापांचे दुःख आपण सगळे जाणतो. त्या दिवसानंतर खर्ड्यातल्या प्रत्येक आपल्या आईच्या मनात ते पोर आपले पोर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ पासून आरोग्याची व्याख्या केली आहे की, आरोग्य म्हणजे रोग नसणे एवढेच नव्हे, तर शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्ही बाजूंनी सुस्थिती असणे. या व्याख्येने पाहिले तर सोळा वर्षांच्या मुलाने रस्ता निवडताना खाली मान घालणे हाही आजारच आहे. त्याला गोळी नाही. मुलाला घरात कोंडूनही तो बरा होत नाही. कोंडलेला मुलगा मोबाईलमध्ये जातो, नाहीतर गुटख्याकडे आणि दारूकडे जातो.

म्हणून आम्ही एकट्या मुलाने निघावे असे म्हणत नाही. दहा-पंधरा जण, त्यात आया, मावश्या, काका, शिक्षक, अशी मंडळी एकत्र निघाली की वाटेतले गाव त्यांना बघते आणि ते गावाला बघतात. रस्ता नेहमी वापरात असला की तो आपला राहतो. ज्या आईने नकार दिला, तिने नंतर मुलाला किल्ल्यापर्यंतच्या फेरीला सोडले. तो परत येईपर्यंत ती विहाराच्या पायरीवर उभी होती. एवढेच झाले. पण आम्हाला ते मोठे वाटते.

शरीराला काय मिळते?

२०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचे दिसले. हा आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. आपल्या वस्तीत रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, दुकानात बसणारे, कारकून यांची साखर वाढलेली दिसते. स्वतः बाबासाहेब अनेक वर्षे मधुमेहाने आणि संधिवाताने त्रस्त होते. दुखणाऱ्या शरीरानिशी त्यांनी संविधानाचे काम पुरे केले. त्यांना वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळू शकतो.

मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना रोज तासभर. सायकल चालवताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हृदय बळकट होते आणि वजनाचा भार सीटवर असल्यामुळे गुडघ्यांवर धावण्याइतका ताण येत नाही. आमच्यातले अठ्ठावन्न वर्षांचे काका चालताना गुडघा धरतात, पण सायकलीवर मुलांच्या बरोबरीने राहिले. जिममध्ये पैसे भरून जी सायकल जागच्या जागी फिरवतात, तीच आपल्या अंगणात आहे आणि ती जागेवरून हलते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईला आम्ही व्यायाम करा म्हणत नाही. तिच्या शरीराला श्रम कमी नाहीत, विश्रांती आणि पोटभर अन्न कमी आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या आपले शरीर दुसऱ्याच्या कामासाठी राबले. गावकीसाठी राबले, मालकासाठी राबले, मुकादमासाठी राबले. दोन दिवस तेच शरीर स्वतःच्या आनंदासाठी चालवावे, हवे तिथे थांबावे, पाणी बघावे, ही गोष्ट वेगळी आहे. आमच्या मावशी परतल्यावर म्हणाल्या, “दमले, पण कोणासाठी दमले नाही.” यापेक्षा चांगले आम्हाला सांगता येणार नाही.

निघण्याआधी हे करा

तपासणी: तीस वर्षांवरील सर्वांनी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तिथे ती मोफत होते. महिलांनी हिमोग्लोबिन बघावे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक महिलांत रक्त कमी आहे. थोड्या चढाला धाप लागत असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. छातीत दुखणे, फिट येणे, रक्तदाब आटोक्यात नसणे किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

मधुमेह: साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकल चालवू नये. खिशात गूळ किंवा साखर ठेवा. घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, गूळ खा, बरोबरच्यांना सांगा.

सराव: एकदम सौताडा नको. पहिल्या रविवारी किल्ल्यापर्यंत, दुसऱ्या रविवारी पाच-सात किलोमीटर, तिसऱ्या रविवारी पंधरा. महिनाभरात पाय तयार होतात.

सायकल: सीट एवढी उंच ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असेल तर गुडघे दुखतातच. ब्रेक, चेन आणि हवा आदल्या दिवशी बघा. पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान गटात एक तरी हवे. वस्तीतल्या सायकल दुरुस्तीवाल्या मुलाला बरोबर घ्या. आमच्या फेरीत दोन पंक्चर निघाले, दोन्ही त्यानेच काढले.

रस्ता: डाव्या कडेने, एकामागे एक चाला. हेल्मेट घाला, मागे रिफ्लेक्टर लावा. अंधार पडल्यावर चालवू नका. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, त्यांना ओलांडण्याची घाई नको. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलिसांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पाणी आणि अन्न: तहान लागण्याआधी पाणी प्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की जीवनजल तयार होते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी पुरेशी आहेत. धबधब्याच्या काठावर सेल्फी काढायला जाऊ नका. खाल्लेल्याची कागदे आणि पिशव्या परत आणा.

विहार कमिटीने काय करावे?

खर्च मोठा नाही. आपल्या वस्तीत भिंतीला टेकलेल्या सायकली मोजा. विहार कमिटीने जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून त्या दुरुस्त कराव्यात आणि पाच-सहा सायकली विहारात सामाईक ठेवाव्यात. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे सहज बसेल. हे आम्ही कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. बाबासाहेबांच्या नावाचा पैसा बाबासाहेबांच्या लेकरांच्या अंगी लागावा, एवढेच म्हणणे आहे. राज्यातल्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आपली मुलगी पात्र आहे का, हे शाळेत जाऊन विचारा.

जामखेडचे नाव जगात आरोग्यासाठीच गाजले आहे, हे आपण विसरतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि त्यांनी खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांत कितीतरी दलित आणि निरक्षर होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हातून गावाने औषध घेतले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्य दवाखान्यातून सुरू होत नाही, माणसाला मान मिळाला की सुरू होते, हे आपल्याच तालुक्याने जगाला दाखवले.

या वर्षी आश्विन पौर्णिमेला खीर खाऊन घरी बसू नका. विहारात नावे लिहा, भिंतीची सायकल अंगणात आणा, हवा भरा. आणि हो, त्या रानातल्या बायांनाही निरोप पाठवा, त्यांना आम्ही शब्द दिला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!